ताग्यावरची जनगणना

मुकुंदअण्णा माणसं मोजत नाहीत, मीटर मोजतात. आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा हा उंच, वाळका म्हातारा गळ्यात मापाची टेप घालून जिन्याशी उभा होता. त्यानं मला, नवऱ्याला आणि आमच्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "साडेसहा मीटर. सरी, ठीक आहे, या." मला वाटलं, गॅलरीची लांबी सांगतायत. ती आमची कुटुंबसंख्या होती.

अण्णा शिंपी. पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही नेमकं ठाऊक नाही; "राजांच्या मागनं आलो" एवढंच सांगतात. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि दुकानात दखनी. दुकान शिवाजीनगरात, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, इथल्या, मशिदीमागच्या बाजारात. पन्नास वर्षं तिथे बसून त्यांनी फक्त लहान मुलांचे कपडे शिवले. मोठ्यांचे का शिवत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मोठ्यांचं काय वाढतं? पोट. त्यात काय मजा आहे, अक्का?"

दुकानाचा खरा हंगाम ईदचा. त्या गल्लीत जुनी रीत अशी की एका घरातल्या सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातलं कापड घ्यायचं. मुलींना फ्रॉक, मुलांना शर्ट, पण नक्षी एक. कुणाला भारी, कुणाला हलकं अशी रडारड नको, आणि गर्दीत एखादं चुकलं तर कुणाचं ते चटकन कळतं. त्याच गल्लीतल्या झुबेदाबींची सात मुलं. त्यांना अख्खा तागा लागायचा, थोडं कापड उरलं तर उशीचा अभ्रा. एका वर्षी जांभळ्या फुलांचं कापड होतं. ती सात जणं ओळीनं निघाली तेव्हा रस्त्यानं घरातला पडदाच चाललाय असं वाटलं, हे अण्णा आजही सांगतात आणि सांगताना स्वतःच हसतात.

रविवारी सकाळी आम्ही काही शेजारी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात जातो. तिथे सगळं उभ्यानं खायचं, त्यामुळे चर्चाही उभ्या उभ्याच होतात. आमच्या गल्लीतले कुलकर्णीकाका मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. आता त्यांच्या हाताखाली फक्त एक मोबाइल उरलाय. एका रविवारी त्यांनी त्यावरचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. जगभरात मुसलमान कसे भराभर वाढतायत, थोड्याच वर्षांत आपलं कसं होणार, वगैरे. खरं सांगते, तोच मेसेज मलाही आला होता आणि वाचून मीही घाबरले होते.

अण्णांनी मात्र कॉफीचा पेला खाली ठेवला. डोळे चमकले.

"कुठं वाढतायत? कुठल्या गावात?"

"अहो, जगभर!"

"जगभर नको. एका गावाचं नाव सांगा. उद्या दुकान तिकडं हलवतो."

काकांनी मोबाइल पुन्हा वर-खाली चाळला. अण्णा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "झुबेदाबींना अख्खा तागा लागायचा हो. त्यांच्या लेकींना चार-चार मीटर. आता नातीचं एक पोर, सव्वा मीटरात काम खलास! परवा एक बाई आली, म्हणाली एकच मुलगी आहे, तिला इंग्रजी शाळेत घालायचंय, दुसरं नको. आणि तुमच्या मेसेजात वाढतायत! ते लिहिणाऱ्याला माझ्या दुकानात बसवा स्वल्प वेळ. माशा मारायला सोबत होईल."

"पण आकडे वाढतायत की नाही?" काका हटेनात.

आकडे वाढतायत हे खरंच होतं. कालच्या मोठ्या घरांतली मुलं आज स्वतः आईबाप झालीत, म्हणून बेरीज वाढत राहते; पण घरटी मुलं कमी होत चाललीत, आपल्याकडे झाली तशीच त्यांच्याकडे. हे मी दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही. पण माझी भीती विरली, आणि मुळात ती बसली होती याची जरा लाजही वाटली.

झुबेदाबींची धाकटी तबस्सुम हेब्बाळच्या एका ऑफिसात काम करते. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. गेल्या वर्षी तिला दिवस गेले, तेव्हा अण्णांनी दर्शिनीत सगळ्यांना केसरीभात, म्हणजे इथला गोड शिरा, खिलवला. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. आणि मग दोन महिने आधीच मुलगी झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर काहीच ठाम सांगेनात.

अण्णांचं मीटर बंद पडलं. जिन्यात भेटले तर मान खाली. पंधरा दिवस कुणाचं माप सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी तबस्सुमचा फोन आला. आता बाळाला कपडे घाला म्हणतात, पण पुढून उघडणारे, बिनगुंडीचे हवेत. "दुकान का कुछ बी नई बैठरा, अण्णा. तुमीच सी को देव." दुकानातल्या लहानात लहान झबल्यात तिच्यासारख्या दोघी मावतील, म्हणाली.

नजरेनं माप सांगणाऱ्या अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा माप विचारावं लागलं. तिनं बाळाशेजारी स्वतःचा तळवा ठेवून फोटो पाठवला. तो मोठा करून बघायला अण्णा वर माझ्याकडे आले. कापड म्हणून स्वतःचं जुनं धोतर आणलं होतं, उकळून, वाळवून. नवं कापड टोचतं. माझ्याच टेबलावर त्यांनी ते पसरलं, कात्री उचलली, आणि परत खाली ठेवली.

"आमचं पण असंच आलं होतं, अक्का. लौकर," ते कापडाकडे बघत म्हणाले. "मुलगा. तेव्हा ह्या पेट्या कुठल्या? बायको म्हणायची, शिवा की काहीतरी त्याला. मी म्हटलं, जरा भरू दे अंगानं, मग मापानं शिवतो. आठव्या दिवशी गेला. उघडाच गेला. शिंप्याचं पोर."

अण्णांची बायको जाऊनही आता बरीच वर्षं झालीत. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. मी धोतराचं एक टोक ताणून धरलं.

अण्णांनी कापलं. वीतभर लांबीची दोन झबली झाली, पुढे बांधायला नाड्या, आणि शिवणी बाहेरच्या बाजूला, अंगाला घासू नयेत म्हणून.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या गल्लीनं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. कुलकर्णीकाकांनी एकही मेसेज वाचून दाखवला नाही. दर्शिनीत आल्या आल्या विचारायचे, "अण्णा, आज वजन किती?" आणि वीस ग्रॅम वाढलं म्हटलं की दुसरी कॉफी मागवायचे.

मग परवा भर दुपारी अण्णा धापा टाकत जिना चढून आले. चप्पल खालीच राहिली होती.

"अक्का, तबस्सुमचा फोन होता." दम लागून पुढचं बोलवेना. "झबलं तंग झालंय! काखेत रुततंय म्हणाली!"

कपडा तंग झाला, याहून वाईट तक्रार शिंप्याच्या आयुष्यात नसते. पन्नास वर्षांचा हा कारागीर ती तक्रार मला ओरडून सांगत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिथेच पायरीवर बसले. मला इतकं हायसं वाटलं की मीही शेजारी बसले आणि रडून घेतलं.

"वळ उठलाय म्हणाली," अण्णा पुन्हा म्हणाले. "दोन्ही काखेत."