पोटावरून माणूस ओळखणाऱ्या सुमनताई

भिंगारच्या बाजारात सुमनताईंना नमस्कार करून पाहा. त्या चष्मा पुसतील, तुमचं तोंड निरखतील, पण ओळख लागायची नाही. त्यांच्याच दवाखान्यासमोर माझं वह्या-पेनांचं दुकान, तरी माझीही तीच गत. शेवटी मी म्हणतो, "ताई, पित्ताशयात खडा..." की लगेच त्यांचा चेहरा फुलतो. "हां, खडेवाले भाऊ! तळाशी एकटाच बसलेला! कसा हाय तो?" भाजीवालीसकट सगळे वळून बघतात.

ताई सोनोग्राफीच्या डॉक्टर, मूळच्या देवळाली प्रवराच्या. शिकून मोठ्या झाल्या, पण जिभेवरचं गाव उतरलं नाही. अंधाऱ्या खोलीत त्या पेशंटशी बोलतच नाहीत, थेट त्याच्या आतड्यांशी बोलतात. "सरका बाई जरा. मागं कोन लपलंय?"

मला याचं लई हसू यायचं. मग मालन, माझी बायको, आजारी पडली.

रोज संध्याकाळी अंगात कणकण, जेवण नको. अंगावरचं मांस झडलं आणि पोट मात्र फुगलं. मेव्हणीने दृष्ट काढली, एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच कॅन्सरची शंका काढली. मी मालनला घेऊन तडक ताईंचा दवाखाना गाठला.

ताईंनी मालनच्या पोटावर गार जेल लावलं. मला पडद्यावर चुलीतली राख दिसत होती, त्यांना त्यात अख्खी आळी दिसत होती.

"हे पानी साचलंय. ह्या गाठी, एकमेकींना चिकटलेल्या. आन् लहान आतडं मोठ्याला मिळतं ना, हितं भिंत जाड झालीय." तीच जागा पुन्हा एकदा निरखून त्या म्हणाल्या, "मला टीबी वाटतो."

"पण खोकला कुठंय तिला?"

"टीबीला पोट वर्ज्य न्हाई, भाऊ. पन माझं चित्र नुसतं बोट दाखवतं. सुईनं नमुना घेऊ, खरं काय ते लॅब सांगंल."

लॅबनेही टीबीच सांगितला. टीबी निघाला म्हणून नवस फेडणारा भिंगारात मी एकटाच असेन. त्या राखेत या बाईंना माझा संसार दिसला होता!

औषधं पूर्ण झाल्यावर मालन आणि मी डबाभर लाडू घेऊन ताईंकडे गेलो. ताईंनी अर्थातच ओळखलं नाही. "झोप आधी," म्हणाल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही कोन? हे पोट मी कधी पायलंच न्हाई!"

मी धसकून पडद्यात डोकावलो. पण ताई हसत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"पानी गेलं, गाठी गेल्या! समदे दुखणं घिऊन येत्यात. बरं झाल्यावर कोन येतंय हो माझ्याकडं? पुढं काय झालं, मला कळतच न्हाई."

त्यांनी मशीन बंद केलं, दिवा लावला, चष्मा पुसला. आणि मालनचा चेहरा कितीतरी वेळ नीट पाहून घेतला.