आक्काची उलटी आणि चौदा कोटेशनं

“उलटी म्हणा हो, उलटी! डाग-डाग काय लावलंय? मागच्या सीटवर, या दारापासून त्या दारापर्यंत!”

सकाळी नऊ वाजता आमचे वरचे शेजारी गजादादा गॅलरीतून फोनवर ओरडले आणि खालच्या सातही मजल्यांवरचे पोहे घशात अडकले. माझा घास अजून उतरतोय.

गजादादा अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीच्या खरेदी खात्यात होते. ते निवृत्त झाले, खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. तीन लेखी कोटेशनं आल्याशिवाय हा माणूस शेपूची जुडी घेत नाही. बदलापूरच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच कागद-पेन काढतात. दात काढायचा होता, तेव्हा तिसऱ्या डॉक्टरचं कोटेशन येईपर्यंत दात कंटाळून आपणहून पडला.

या वेळचं प्रकरण असं. त्यांची थोरली बहीण, आक्का, बारवी धरणाकडे राहते. तिचा मोतीबिंदू दाखवायला तिला गाडीतून आणताना वळणांनी घात केला. न्याहारीची भाकरी, वर जवळ्याची चटणी, सगळं सीटवर. एमआयडीसीत मुरलेलं दादांचं नाक, तेही शरण गेलं! आक्का तर शरमेने पार गोठली. “तुझे गाडीला मी परत शिवाची नाय,” म्हणाली ती म्हणालीच. आता ऑपरेशन आठवड्यावर आलेलं, आणि म्हातारी हटून बसलेली.

दादांनी इंटरनेटवर फॉर्म भरला. एकदा भरला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळीकडचे गाडी साफ करणारे आपापला दर पाठवतात. ‘कामाचा तपशील’ या चौकटीत दादांनी चटणीसकट साद्यंत हकिगत लिहिली. वर अकरा फोटो! चौदा उत्तरं आली. कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला गेला: दर, दिवस, वासाची हमी. शेवटच्या रकान्याला नाव नव्हतं, नुसत्या फुल्या.

अंबरनाथवाला सगळ्यांत स्वस्त. गाडी घरून नेणार, आणून सोडणार. त्यालाही फुली! मी हादरलो. “अहो, याला का?”

“फोटो बघून ‘बाप रे’ म्हणाला.”

उल्हासनगरच्या एकाने विचारलं होतं, “साईं, इसमें आदमी बैठा था के भैंस?” त्याच्या फुलीने कागद फाटून खाली टेबलावर ओरखडा उठला होता.

आणि बरोबरची एकुलती एक खूण होती बदलापूरच्याच एका बाईंच्या नावापुढे. दर दुप्पट!

“दादा, दुप्पट?” मी किंचाळलो. हा माणूस कंपनीत टाचणीसाठी घासाघीस करायचा हो!

त्यांनी मोबाइल पुढे केला. बाईंनी दराखाली लिहिलं होतं : ‘काका, वळणाच्या रस्त्यावर होतं असं. आठवड्याला चार-पाच गाड्या येतात. रोजचंच काम आहे.’

“हे लेटरहेडवर मागवलंय. सही-शिक्क्यानिशी,” दादा हळूच म्हणाले. “आक्काला वाटतं, जगात तिलाच झाली. लहानपणी माझं सगळं तिनंच पुसलंय हो. कधी नाक नाही मुरडलं.”

शनिवारी धुतलेली गाडी घेऊन ते निघाले, तेव्हा मीही घुसलो. आक्का ओट्यावर अंदाजाने तांदूळ निवडत होती. दादांनी अंगणात उभं राहून तो कागद कोर्टाचा निकाल वाचावा तसा वाचला. ‘रोजचंच काम’ दोनदा. आजूबाजूची चार घरं बाहेर आली.

आक्काने सूप बाजूला ठेवलं.

“मंग मी पुढं बसन,” ती म्हणाली. “मागं पोटान ढवलतं.”