बघितलंस, की आठवलं?

सकाळी सात चाळीसला माझा फोन वाजतो आणि पलीकडून 'हॅलो' येत नाही. येतं ते एवढंच:

"गॅस?"

"बंद," मी म्हणतो.

"बघितलंस, की आठवलं?"

इथे थापा चालत नाहीत. बूट घातलेले असले तरी मला परत स्वयंपाकघरात जाऊन चारही बटणांवरून हात फिरवावा लागतो. मग मागचं दार, जिन्यातली खिडकी, इस्त्री आणि शेवटी किल्ली. मग "बरं, दादा", आणि फोन बंद. या माणसामुळे लंडनमधल्या पिनर स्टेशनाहून सुटणारी माझी नेहमीची ट्रेन किती वेळा डोळ्यांदेखत गेली ते मी मोजणं सोडून दिलं आहे.

हा अभय, माझा मावसभाऊ. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांत लहान खोलीत सात वर्षं राहतो आणि एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असतो; सकाळचा फोन तिथूनच येतो. तिथे पायलट मुक्कामाला येतात. त्यांना ठरल्या वेळी फोन करून उठवणं हे अभयचं काम. "नुसता फोन उचलला म्हणजे माणूस जागा झाला असं नाही," तो म्हणतो. म्हणून तो त्यांना खिडकीबाहेर काय दिसतंय ते विचारतो. एका कॅप्टननं याची लेखी तक्रार केली. दुसऱ्यानं जाताना चॉकलेटचा डबा ठेवला.

घरात 'बहुतेक', 'असेल' आणि 'वाटतं' या शब्दांवर त्याची बंदी आहे. माझी बायको सुनीता एकदा "भात झाला असेल" म्हणाली, तर हा कुकरपुढे हात मागे बांधून उभा. "वहिनी, झालाय की असेल?"

"उघडून बघा आणि तुम्हीच वाढा," सुनीता म्हणाली. त्यानं खरंच उघडून बघितला आणि वाढला.

हॅरोच्या मराठी मंडळात सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. "काय कॅप्टन, पुऱ्या लँड झाल्या का?" असं म्हटलं की हा उठून पुऱ्या बघून येतो. सगळे हसतात. मीही हसतो. मला खरं तर माझ्या त्या हसण्याबद्दलच लिहायचं आहे.

कारण अभय खरोखरच कॅप्टन व्हायला निघाला होता, तेही मालदीवमधल्या एका बेटावरून. तिथल्या रिसॉर्टचं स्टोअर तो सांभाळायचा. बेट एवढंसं, की जेवणानंतर शतपावलीला निघालं तर दोनदा संपायचं. पायलटच्या ब्रिटिश लायसन्ससाठी तेरा पेपर द्यायचे होते. अभ्यास कुठेही बसून करा, परीक्षेला मात्र इथे या. हा जनरेटरच्या खोलीत बसून वाचायचा. त्या घरघरीत इंजिनाचा धडा चांगला बसतो म्हणे. विमानाच्या पंखांवर बर्फ धरतो तो धडा त्यानं बारमधल्या बर्फाच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून पाठ केला. संध्याकाळी वाळूत धावपट्टी आखायची, शिंपल्यांचे दिवे मांडायचे. भरती आली की विमानतळ बंद.

रजा साठवून तो परीक्षेला आमच्याकडे यायचा, नोव्हेंबरात हाफ पँट घालून. आमच्या गाडीच्या काचेवर गोठलेलं दव बघून तो रस्त्यातच ओरडला होता, "दादा, हे पुस्तकात आहे!"

तीन खेपांत अकरा पेपर सुटले. नियम असा, की तेराही पेपर मुदतीत सुटले पाहिजेत, नाहीतर सुटलेलेही बाद. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात एकच परीक्षा होती, अठ्ठावीस तारखेला. तेव्हाच वादळानं बेटावरचं इंटरनेट गेलं. बोटीच्या ऑफिसातून त्यानं मला फोन लावला.

"दादा, बुकिंग तू कर. याच महिन्याची अठ्ठावीस. दोन, आठ. परत सांग."

"अरे हो रे बाबा, अठ्ठावीस."

मी ऑफिसात फोनवरच फॉर्म भरायला घेतला. शेवटच्या पानावर आलो आणि मीटिंग सुरू झाली. फोन खिशात गेला. संध्याकाळी त्यानं विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." मला तसंच आठवत होतं.

अठ्ठावीसला परीक्षा केंद्रावरच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. सगळ्या जागा भरलेल्या. मी खिशातून फोन काढला आणि तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बुकिंग कुठेच नव्हतं. अभय पारदर्शक पिशवीत दोन पेन्सिली आणि कॅल्क्युलेटर घेऊन माझ्याकडे बघत होता.

"अरे, तू पुढच्या महिन्याची म्हणालास ना?" मी म्हणालो. "मी पुढच्या महिन्याचं केलंय. फोन किती खरखरत होता तुझा."

त्यानं माझा फोन बघायला मागितला नाही. पार्किंगमध्ये गाडीशी आल्यावर एवढंच विचारलं, "मी असं म्हणालो असेन, दादा?"

"म्हणालास."

पुन्हा तेरा पेपर द्यायला कोणाची आडकाठी नव्हती. मीच कितीदा तरी मागे लागलो. तो म्हणाला, "ज्याला महिना धड सांगता येत नाही, त्याच्या मागे दोनशे माणसं बसवायची?" पुढे मावशी गेली आणि तो बेट सोडून आमच्याकडे आला. येताना हा प्रश्न घेऊन आला: बघितलंस, की आठवलं? आधी तो दुसऱ्याचं ऐकून सुखानं झोपणारा माणूस होता. मंडळात ज्याला हसतात ते वेड मी त्याला लावलं आहे.

गेल्या रविवारी त्यानं ती तेरा पुस्तकं चॅरिटी शॉपला द्यायची ठरवली. पिशवी माझ्यापुढे, यादी त्याच्या हातात.

"हवामान?"

"आहे."

"बघून?"

"बघून."

"नेव्हिगेशन?"

ते पुस्तक उचललं आणि पानांतून कार्पेटवर वाळू सांडली. मला पुढे 'आहे' म्हणता येईना.

"अभय, तू बरोबर सांगितलं होतंस. तारीखही, महिनाही. मी बुकिंग केलंच नव्हतं."

तो पेन्सिल यादीवर टेकवून उभा राहिला. "बघून सांगतोयस, की आठवून?"

"तेव्हा बघितलंच नव्हतं रे. आणि मग तुझ्यावर ढकललं."

मग तो म्हणाला, "आई शेवटपर्यंत म्हणत होती, माझा अभय तारीख चुकायचा नाही. मी चिडून तिला गप्प केलं." खाली वाकून त्यानं वाळू तळहातावर गोळा केली आणि ती कुठे टाकावी ते न सुचून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "पुढे चल. नेव्हिगेशन?"

"आहे," मी म्हणालो. तेराही पुस्तकं गेली.

सोमवारी फोन येणार नाही असं धरून मी सगळं आधीच दोनदा बघून ठेवलं होतं. सात चाळीसला फोन वाजला.

"गॅस?"

"बंद." मी थांबलो.

"मागचं दार?"

"लावलंय."

खिडकी झाली, इस्त्री झाली, किल्ली झाली. प्रत्येक उत्तरानंतर मी थांबत होतो.

"बरं, दादा," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी सगळं बघितलं होतं. त्यानं विचारलं नाही.