टबातला सिलिंडर

भात शिजत घालायची वेळ झाली आणि शेगडीची ज्योत एकदम निम्म्यावर आली. प्राध्यापकांच्या बायकोने सिलिंडर हलवून पाहिला. दुपारी विभागप्रमुख जेवायला यायचे होते, आणि नवऱ्याला नोकरीत कायम करायचं की घरी बसवायचं, ते त्यांच्या सहीवर होतं.

"गॅस संपत आलाय," ती म्हणाली.

"संपत नाही, गारठलाय." तेरा वर्षं वायूंची एन्थाल्पी, म्हणजे उष्णतेचा हिशेब, शिकवलेल्या माणसाला कोण आवरणार? "आतल्या द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते. ती तो स्वतःच्याच अंगातून ओढतो आणि गार पडतो. गरम पाण्यात ठेवला की बघ कसा धावतो. तू भाजी घेऊन ये."

पाऊण तासाने ती परतली तर सिलिंडर कपड्यांच्या टबात कमरेपर्यंत बुडालेला, पाण्यातून वाफा निघताहेत आणि शेगडी विझलेली.

"एवढं पाणी कशावर तापवलंत?"

प्राध्यापकांनी शेगडीकडे बोट केलं. बोट तिथेच राहिलं.

तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. "म्हणजे गॅस निघावा म्हणून होता तो गॅस जाळलात? अहो, तेवढ्यात भात, भाजी, चहा, सगळं झालं असतं."

"तत्त्व बरोबर होतं," प्राध्यापक पुटपुटले.

निदान पुरावा तरी लपवावा म्हणून त्यांनी सिलिंडर उचलून दाराआड ढकलला आणि टब न्हाणीघराकडे ओढायला घेतला. बाहेरच्या खोलीच्या मधोमध आले आणि बेल वाजली.

लिफ्ट बंद असल्याने विभागप्रमुख पाच मजले चढून आले होते. धापा टाकत ते समोरच्या खुर्चीत कोसळले. पुढ्यात वाफाळता टब.

"हे माझ्यासाठी?"

उत्तराची वाट न बघता साहेबांनी बूट-मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडून डोळे मिटले.

"इतक्या घरी जेवलो, पण माझ्या पायांचा विचार कुणी केला नाही. सही उद्या सकाळी करून टाकतो."

"सर, खरं म्हणजे ते पाणी..." प्राध्यापकांनी तोंड उघडलं. बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला.

"वहिनी," साहेब डोळे न उघडता म्हणाले, "जरा निवलंय हो. आणखी एक पातेलं तापवून घालता? मग सावकाश गरमागरम जेवू."

बायकोने शेगडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे आणतील ना," ती म्हणाली. "आमच्याकडे पाणी तापवायचं काम ह्यांचं."