साडेतीन आणि खिडकीजवळची जागा

"कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर आधी मला विचारा, मग दुकानात जा!" असं तो गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगायचा. गंमत म्हणजे ऑफिसातले लोक खरंच त्याला विचारायचे. लिफ्टची देखभाल करणारं ते छोटंसं ऑफिस, आणि हा तिथला वरिष्ठ कारकून. बाजारात नवा टॅबलेट आला की संध्याकाळच्या आत याचं मत ऑफिसच्या ग्रुपवर हजर! "पडदा सुरेख, पण पाठ लवकर तापते. पाचपैकी साडेतीन स्टार." दुसऱ्या दिवशी नवा डेस्कटॉप. "वेग चांगला, पंखा कुरकुरतो. साडेतीन." टॅबलेटचं पेन, मनगटाखाली ठेवायची उशी, माऊसखालची चटई, सगळ्यांना साडेतीन. चार द्यायला याचा हात धजायचा नाही आणि तीन द्यायला मन. त्यामुळे त्याचं नावच साडेतीन पडलं.

आता खरं सांगायचं तर यातली एकही वस्तू त्यानं कधी हाताळलेली नव्हती. घरी बारा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर होता आणि तो डाव्या बाजूला दोन चापट्या मारल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, यातलं एक तरी आपल्या घरात येऊ द्या, मग मी देते स्टार!"

"परीक्षकानं वस्तूपासून लांब राहावं," साडेतीन म्हणायचा. "जवळ आली की माया लागते."

पण या ज्ञानी माणसाचं एक दुखणं होतं. त्याचं टेबल टॉयलेटच्या दाराला खेटून होतं. नऊ वर्षं! कोण किती वेळ आत होतं, कोणाचं पोट बिघडलंय, कोण आत जाऊन फोनवर बोलतं, सगळं त्याला पाठ. समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. तिथं ऊन यायचं, वारा यायचा, आणि मुख्य म्हणजे तिथं दर दहा मिनिटांनी खांद्याला दार लागायचं नाही. ती जागा मिळावी म्हणून तो रोज मनातल्या मनात तिथं बसून यायचा.

आणि एके दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "सगळे कॉम्प्युटर बदलायचे. निवड तुमची, जोडणी तुमची. गुरुवारी तीन वाजता त्या चौदा लिफ्टवाल्या इमारतीच्या मॅनेजरबाई येतायत, देखभालीचं काम आपल्याला द्यायचं का ते ठरवायला. ऑफिस कसं चकाचक दिसलं पाहिजे! सगळं नीट पार पडलं तर खिडकीजवळची जागा तुमची."

साडेतीन तरंगतच बाहेर आला. तीन दिवस खपून त्यानं यादी केली. आठ डेस्कटॉप, फिरत्या मेकॅनिकांसाठी चार टॅबलेट, आणि आठ बिनवायरचे कीबोर्ड-माऊस. "वायर म्हणजे मागासलेपणा!" त्यानं जाहीर केलं. बुधवारी दुपारी खोकी आली. प्रत्येक कीबोर्डाच्या खोक्यात नखाएवढं एक बटण होतं, ते कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. मग कीबोर्ड त्या बटणाशी बोलतो आणि बटण कॉम्प्युटरशी. साडेतीनला पसारा आवडत नसे. त्यानं आठही खोक्यांतली बटणं काढली आणि चहाचे चमचे ठेवायच्या वाटीत एकत्र टाकली.

चहा करणाऱ्या आणि ऑफिस झाडणाऱ्या मावशी बाजूला उभ्या होत्या. त्या कीबोर्ड उलटा करून म्हणाल्या, "सर, याच्या पोटावर पाच लिहिलंय. त्या बारक्या बटणांवर पण आकडे आहेत. ज्याचं त्याला ठेवायचं असेल का?"

"मावशी, हे तांत्रिक आहे," साडेतीन हसून म्हणाला. "तुम्ही वाटी तेवढी द्या."

मग त्यानं वाटीत हात घालून, हाताला येईल ते बटण, सापडेल त्या कॉम्प्युटरला खोचलं. तोवर सुटायची वेळ झाली होती. "उद्या दुपारी अडीचला सगळ्यांनी एकदम सुरू करायचं," त्यानं फर्मान काढलं. "उद्घाटन म्हणून!"

गुरुवारी अडीचला सगळे एकदम बसले. पहिली पाच मिनिटं शांततेत गेली. मग तक्रारींचा फोन घेणाऱ्या बाईंच्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. त्या फोनवर एका गृहस्थाशी बोलत होत्या. तो चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्टमध्ये अडकला होता.

"घाबरू नका हं," बाई म्हणाल्या, "मी पडद्यावर बघून सांगते. हं... 'लिफ्टचे दोर संपले. खालचे स्प्रिंग कधीच संपले.'"

फोनमधून जी किंकाळी आली ती पार गोदामापर्यंत ऐकू गेली. गोदामात स्टोअरकाका मान खाली घालून शिल्लक मालाची यादी टाइप करत होते. त्यांच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र एकही अक्षर नव्हतं.

"साडेतीन!" बाई ओरडल्या. "हा कॉम्प्युटर माणसं मारणार!"

"नवं मशीन आहे, रुळायला वेळ लागतो," साडेतीन जागेवरूनच म्हणाला. "नव्या चपला नाही का लागत?"

पण मनात तो टरकला होता. कारण त्याच्या माऊसचा बाण मेलेल्या माशीसारखा गप्प पडून होता. त्यानं माऊस हलवला, आपटला, त्याला फुंकर मारली. काही नाही. आता उठून तपासावं, तेवढ्यात त्याच्या पडद्यावर, त्यानं कशालाही हात न लावता, शब्द उमटू लागले.

"आदेश. वरिष्ठ कारकून यांनी संगणकांची निवड उत्तम केली. सबब त्यांना खिडकीजवळची जागा देण्यात येत आहे."

साडेतीनचे डोळे भरून आले. त्यानं काचेतून केबिनकडे पाहिलं. साहेब एका बोटानं टाइप करत होते. त्यांची पद्धतच तशी होती. मान खाली, बोट वर, एकेक अक्षर शोधून हाणायचं आणि सगळं संपेपर्यंत पडद्याकडे बघायचंच नाही. "म्हणजे साहेबांनी लिहिलेलं थेट माझ्याकडे येतंय!" साडेतीन पुटपुटला. "काय सोय आहे! हिला चार स्टार!" आयुष्यातले पहिले चार.

तेवढ्यात घड्याळ बघून साहेब दचकले आणि पडद्याकडे न बघताच पाहुण्यांच्या स्वागताला धावले. साडेतीनला ही बातमी आधी बायकोला सांगायची होती. त्यानं कीबोर्ड पुढे ओढला आणि आनंदाच्या भरात, खाली बघत, धडाधड लिहिलं. वर पाहिलं तर पडदा जसाच्या तसा! "गेलासुद्धा निरोप?" त्याला कौतुक वाटलं. "वेग म्हणजे वेग!"

निरोप गेला होता, पण शेजारच्या मीटिंगच्या खोलीत. तिथं आठव्या कॉम्प्युटरला जोडलेल्या, भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर "आपलं मनःपूर्वक स्वागत आहे" असं साडेतीननंच आदल्या दिवशी, बटणं खोचण्याआधी, जुना वायरवाला कीबोर्ड लावून लिहून ठेवलं होतं. मॅनेजरबाई खुर्चीत बसतायत न बसतायत, तोच त्याखाली भराभर मजकूर आला.

"अगं, झालं! नऊ वर्षांनी टॉयलेटच्या दारातून सुटका! साहेब एका बोटानं टाइप करतात, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. आणि तुला म्हणून सांगतो, मीही यातलं काहीच कधी वापरलेलं नाही! पण कोणाला पत्ता लागला नाही!"

मॅनेजरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "स्वागत फार मनमोकळं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या चौदा लिफ्टसुद्धा असंच न वापरता तपासणार का?"

साहेब लाल, पांढरे आणि पुन्हा लाल झाले. ते वाऱ्यासारखे केबिनमध्ये आले, मान खाली घातली आणि एका बोटानं एकच कळ दाबत सुटले.

इकडे साडेतीनच्या पडद्यावरून अक्षरं जायला लागली. "आहे" गेलं. "येत" गेलं. "देण्यात" गेलं. "अहो, नको! थांबा!" तो कळवळला. त्यानं स्वतःच्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी हाणलं. शेजारच्या खोलीत मोठ्या पडद्यावर "नको नको नको" असं सोळा वेळा उमटलं. इथं मात्र "जागा" गेली. मग, फार हळूहळू, "खिडकीजवळची" गेलं. नऊ वर्षांचं स्वप्न डोळ्यांदेखत एकेक अक्षरानं पुसलं जाताना बघायची वेळ शत्रूवरही येऊ नये!

"व्हायरस!" तो उठून ओरडला. "कोणी कशाला हात लावू नका! व्हायरस आहे!"

चहाचा ट्रे घेऊन मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी एकदा काचेतून साहेबांच्या बोटाकडे पाहिलं, एकदा साडेतीनच्या पडद्याकडे. "सर, साहेब तिकडं बोट मारतात आणि इथं पुसतंय. त्यांच्या कळांच्या पाटीचं बटण तुमच्या मशीनला खोचलंय. मी काल म्हणत होते ना?"

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि हात मागे घालून बटण ओढून काढलं. मग सगळ्या टेबलांवरून फिरून आठही बटणं वाटीत जमा केली, कीबोर्ड उलटे करून आकडे वाचले आणि ज्याचं त्याला खोचलं. चहा निवायच्या आत काम फत्ते! मीटिंगच्या खोलीत त्यांनी शेवटचं बटण खोचलं तेव्हा मॅनेजरबाई टक लावून बघत होत्या. "या जिथं आहेत तिथं काम द्यायला माझी हरकत नाही," त्या साहेबांना म्हणाल्या आणि त्यांनी कंत्राटावर सही केली.

चार वाजता साडेतीनच्या टेबलाशेजारचा प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला. या वेळी साहेबांनी पडद्याकडे बघून लिहिलं होतं.

"ऑफिसातील सर्व यंत्रांची देखरेख यापुढे मावशी करतील. त्यांना खिडकीजवळची जागा देण्यात येत आहे. वरिष्ठ कारकून यांची जागा कायम. तथापि टॅबलेट चार्ज करण्याचं कपाट ठेवायचं असल्यानं त्यांनी टेबल अर्धा फूट दाराकडे सरकवावं."

शुक्रवारी टेबल सरकलं. आता दार उघडलं की खांद्याला नाही, थेट कानाला लागायचं. दुपारपर्यंत साडेतीन कान चोळत बसला. पण मत दिल्याशिवाय त्याला राहवेना. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "टॉयलेटचं दार. लाकूड दणकट, रंग बरा, बिजागरी कुरकुरते. ही वस्तू मी स्वतः नऊ वर्षं वापरलेली आहे. साडेतीन."

खिडकीजवळच्या टेबलावरून लगेच उत्तर आलं. "तेल घालून ठेवलंय सर. आता चार द्या."