पाहुण्याचा फोटो

शोकसभेसाठी शाळेचा हॉल बघायला ती सकाळी सव्वानऊला निघाली आणि बसस्टॉपच्या भिंतीवर तिला बाबा दिसले. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, चष्म्यातून रोखलेली नजर. वर लाल अक्षरांत छापलं होतं : ‘सावधान! हाच तो पाहुणा. दिसल्यास जवळ जाऊ नका. घरात घेऊ नका.’

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

‘पाहुणा’ हे नाव वर्तमानपत्रांनी ठेवलेलं. एकट्या राहणाऱ्यांशी ओळख काढायची, गोड बोलून घरात शिरायचं, चहा घ्यायचा, आणि मग घरमालकाचा जीव घेऊन, कपबशी विसळून निघून जायचं. असे पाच खून झाले होते. लोक सख्ख्या मेहुण्याशीही खिडकीतून बोलत होते. बाबांनी मात्र चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि बोलावल्याशिवाय ते कुणाच्या घरी गेले नाहीत. बोलावलं तरी दहा मिनिटांत उठायचे.

तिने पोस्टरचा कोपरा नखाने उचकटला.

“अहो बाई, फाडताय काय?” रांगेतली एक बाई ओरडली. “लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे!”

“हे माझे वडील आहेत.”

सगळी रांग एकदम तीन पावलं मागे सरकली.

सभा तीनला होती. शाळेच्या रस्त्यावर तिने अकरा पोस्टरं मोजली आणि हॉलकडे न जाता छापखान्यात शिरली. शोकसभेची कार्डं तिथेच छापली होती. पोलिसांचं कामही तिथेच होतं.

छापखानेवाल्या काकांनी आधी चष्मा पुसला. “त्याचं काय झालं, तुझं आणि पोलिसांचं, दोन्ही पाकिटं एकदम उघडली आणि वरून पंखा लावला. फोटो खाली पडले. मागे नाव नव्हतं. एक माणूस छान हसतोय, दुसरा असा खाऊ की गिळू बघतोय. आता सव्वीस वर्षं मी चेहरे छापतोय. म्हटलं, यात विचारायचं काय!”

“हसणारा खुनी होता, काका.”

“ते आता कळलं.”

“मग कार्डांवर कोण आहे?”

काकांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

तिने तिथूनच आत्याला फोन लावला. कार्डं परस्पर आत्यानेच नेली होती.

“आत्या, कार्डं वाटू नकोस.”

“कालच वाटली! दोनशे घरं झाली. काय फोटो निवडलास गं! किती प्रसन्न! तुझ्या काकूला तर हुंदकाच आवरेना.”

“आत्या, ते बाबा नाहीत.”



“मला जरा वाटलंच होतं,” आत्या म्हणाली. “पण दादा हसल्यावर कसा दिसतो, हे मला तरी कुठं माहीत होतं?”

पोलीस चौकीत साडेबाराला इन्स्पेक्टर भेटले. त्यांच्या दोन्ही कानांना फोन होते. ते ठेवून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिने घरी जाऊन आणलेला मृत्यूचा दाखला दोनदा वाचला आणि हताशपणे खुर्चीत टेकले.

“म्हणजे खऱ्या पाहुण्याचा फोटो आत्ता फक्त तुमच्या नातेवाइकांकडे आहे?”

“हो.”

“आणि तो बघून त्यांनी काय केलं?”

“रडले.”

इन्स्पेक्टरांनी समोरची जाड वही तिच्याकडे ढकलली. “आणि इकडे हे बघा. कालपासून सत्तेचाळीस जणांनी तुमच्या वडिलांना पाहिलंय! तिघं तर छातीठोकपणे म्हणाले, हा माणूस लहानपणी आम्हाला फार छळायचा.”

“विद्यार्थी असतील.”

“शिक्षा किती होईल, असंही विचारत होते.”

“सभा तीनला आहे,” ती म्हणाली. “त्याच रस्त्याने सगळे येणार. त्याआधी पोस्टरं उतरायला हवीत. चौतीस वर्षं माणूस सरळ वागला, आणि लोकांनी त्याला असं बघत बघत त्याच्या सभेला यायचं?”

“उतरवतो. आत्ता माणसं पाठवतो.” त्यांनी बाहेर हाक मारून तसा हुकूम सोडला. “बसा पाच मिनिटं. तक्रार लिहून द्या, म्हणजे हे सगळं रद्द करता येईल.”

तिला बसवत नव्हतं. सारखं घड्याळाकडे लक्ष जात होतं. लिहायला कागद येईपर्यंत तिने उभ्या उभ्याच वहीची पानं उलटली. सकाळी सात, दूध केंद्राच्या रांगेत, सुटे पैसे मोजताना. दुपारी एक, वाचनालयात, वर्तमानपत्र उलटं-सुलटं घडी करून ठेवल्याबद्दल दुसऱ्याला बोलताना. संध्याकाळी साडेपाच, तळ्याकाठच्या बाकावर, एकटाच. बदकांना पाव टाकत होता.

ती परत मागे जाऊन वाचू लागली. सुटे पैसे मोजणारे, घडीवरून बोलणारे बाबा तिच्या ओळखीचे होते; बदकांना पाव टाकणारे नव्हते. मग खुर्ची ओढून बसली.

“मनावर घेऊ नका हो,” इन्स्पेक्टर म्हणाले. “लोकांना काहीही दिसतं. एकही खरं नाही त्यातलं. ही पानं फाडूनच टाकतो.”

तिने वहीवर हात ठेवला.

“हा साडेपाचचा,” ती म्हणाली, “बाक कुठला, ते विचारून घेतलंय का तुम्ही?”