नाव गुप्त ठेवावे, आपला भिला

आमच्या कॉलनीत कुणाची पाण्याची टाकी भरून वाहू लागली की दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत सरकते. 'आपली टाकी वाहते आहे. पाणी सर्वांचे आहे. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे. आपला, भिला पाटील, घर नंबर नऊ.'

मी एकदा त्यांना विचारलं, "नाना, नाव गुप्त ठेवायचं तर सही कशाला करता?"

"निनावी अर्ज कोन्ही वाचत नही. बिननावाचं बोलणं म्हणजे भिंतीआडून दगड मारणं."

"मग गुप्त ठेवा असं कशाला लिहिता?"

"ते वाचणाऱ्याचं काम शे. माझं काम लिहायचं."



भिला नाना आणि मी धुळ्याबाहेरच्या एका मसाल्याच्या कारखान्यात कामाला होतो. नाना पॅकिंग विभागात, कारखाना निघाला तेव्हापासून. मी तिथला केमिस्ट. पहूरजवळच्या एका खेड्यात माझे आईवडील मजुरी करत. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक नळ आणि सहा परीक्षानळ्या होत्या. पण दारावर माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं होतं, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

एका दुपारी नाना तिथे आले आणि दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. लालभडक. "तीनदा साबण लावला. तिखटानं हात जळायला पाहिजे, रंगायला नको. दख बरं."

मी नमुना तपासला. तिखटात रंग होता. मालकाला सांगायचं धैर्य मला झालं नाही. नानांना तेवढं सांगितलं. नाना म्हणाले, "बस. आता तू काही पाहिलं नाहीस."

त्यांनी अन्न खात्याला अर्ज लिहिला. खाली अर्थातच नाव गुप्त ठेवण्याची विनंती आणि ठसठशीत सही. खात्यानं खरोखरच नाव गुप्त ठेवलं. फोडलं ते नानांनीच. अर्ज पोच पावतीसह पाठवला होता आणि ती पावती परत येण्यासाठी पत्ता दिला होता कारखान्याचा! चार दिवसांनी पोस्टमननं ती मालकाच्या टेबलावर ठेवली.

"नाना, घरचा पत्ता का नाही दिला?"

"घरी दिवसा कोण असतं सही कराले?"

पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला. 

नमुने नेले गेले, कारखाना आठ दिवस बंद राहिला, आणि त्या आठ दिवसांची मजुरी बुडाली ती कामगारांची. ज्यांच्या डब्यात नानांच्या लोणच्याची फोड रोज जायची, त्यांनी नानांकडे पाहणं सोडलं. नानांना तोंडी सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. नाना म्हणाले, लेखी द्या. लेखी कुणी दिलं नाही. म्हणून नाना कामावरच आहेत, असं नानांचं मत. रोज सकाळी आठला खाकी गणवेश घालून ते गेटसमोरच्या सुमन अक्काच्या चहाच्या टपरीवर हजर. उद्या कुणी गैरहजर म्हणायला नको. पोटासाठी संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधतात.

"काय नाना, बक्षिसाचा ट्रक आला का?" गेटमधून शिरताना एखादा ओरडतो.

बक्षिसाची गोष्ट खोटी नाही. भेसळ पकडून द्यायला मदत करणाऱ्याला सरकार बक्षीस देऊ शकतं, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. "देऊ शकतं का देईल?" नानांनी विचारलं. देऊ शकतं, मी म्हणालो. "मग बरोबर. मी पण घेऊ शकतो." तक्रार करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची झेरॉक्सही त्यांच्या पिशवीत असते, प्लास्टिकमध्ये घातलेली. तो कायदा सरकारी कारभारातल्या तक्रारींपुरता आहे आणि अजून लागूही झालेला नाही, हे मी भीतभीत सांगितलं. "राहू दे," ते म्हणाले. "कागद चांगला शे."

पुढे अन्न खात्यासमोर सुनावणी झाली. मालकाच्या वकिलानं विचारलं, रंग आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? टाकीच्या चिठ्ठीवरसुद्धा सही करणारा हा माणूस सरळ खोटं बोलला.

"कोन्ही नही. मीच दखं. ग्लासभर पाणी लिधं, वर तिखट भुरभुरलं. लाल रेघा खाली उतरल्या."

"शिक्षण किती?"

"सातवी. पण पाणी बठ्ठासले दिसस, सगळ्यांना."

माझी नोकरी वाचली. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर दार अर्धंच उघडलं. "आता इकडे यायचं नाही. तुझी आई डोळ्याच्या ऑपरेशनला थांबलीये ना? मग?" दार लागलं. त्यांच्याकडे जाणारा मी एकटाच उरलो होतो.

तेव्हापासून टपरीवर आम्ही अनोळखी. ते एका बाकावर, मी दुसऱ्यावर, पाठीला पाठ.

"अक्का, त्या पोऱ्याले विचार, मायनं ऑपरेशन व्हयनं का?"

"अक्का, त्यांना सांगा, झालं. आता पेपर वाचते."

"अक्का, त्याले सांग, औषध तीन टाइम टाकत जा."

"मी काय टेलिफोन शे का?" अक्का गाळणी आपटत म्हणायची. पण निरोप पोचवायची, शब्दही न बदलता.

मागच्या महिन्यात मी एक दिवस रजा टाकली, अन्न खात्याच्या कार्यालयात गेलो आणि तपासणी मी केली होती असं लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर आम्ही दोघंच होतो. अक्का दूध आणायला गेली होती. मी माझा ग्लास उचलला आणि नानांच्या बाकावर जाऊन बसलो.

"नाना, काल मी लेखी दिलं. माझ्या नावानं."

 नानांनी गेटकडे बघितलं. ग्लास घेऊन उठले, मी सोडलेल्या बाकावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले.

"अक्का," ते म्हणाले, "त्या पोऱ्याले सांग, जाईसन तो कागद परत मांगी लई ये."

अक्का अजून आली नव्हती.